उसनी उंची

पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं, हा प्रश्न पुणेकरांपुरता 1749 सालीच सुटला. त्या वर्षी नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं, आणि तेव्हापासून पाहुण्याला 103 पायऱ्या चढवायच्या, त्याला धाप लागलेली असतानाच कठड्याशी उभं करायचं आणि "हे बघा पुणं" म्हणायचं, अशी सोय झाली. पाहुणा घाम पुसत असतो. यजमान रंगात आलेला असतो. तो बोट लांब करून म्हणतो, "ती पाण्याची टाकी दिसते ना? तिच्या डावीकडं. नाही नाही, अजून डावीकडं. ती निळी ताडपत्री? तिच्या मागं आमची सोसायटी." पाहुण्याला टाकी दिसत नाही, ताडपत्र्या चार-पाच दिसतात, तरी तो "हो हो, दिसली" म्हणतो. रात्री तो त्याच सोसायटीत झोपलेला असतो, सकाळी तिथंच त्यानं पोहे खाल्लेले असतात. पण उंचावरून ती सापडली की यजमानाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते सातबाऱ्यावर नाव चढल्यावरसुद्धा पसरत नसेल.

माणूस उंचावर चढतो तो नवं काही बघायला, पण कठड्याशी पोचला की जुनंच शोधू लागतो, असं माझं फार दिवसांचं मत आहे. हे मत मी प्रागलाही बरोबर नेलं होतं. मतं विमानात वजनाला धरत नाहीत.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, तिची धाकटी बहीण आणि साडू. साडू निवृत्त स्थापत्य अभियंता. जगातल्या कुठल्याही इमारतीपुढं उभे राहिले की ते आधी पायाबद्दल बोलतात. देखावा, इतिहास, जेवण हे सगळं त्यानंतर. त्यांनीच पेत्रशिन टेकडीवरच्या मनोऱ्याचा आग्रह धरला. खालून तो दिसला तेव्हा मेव्हणी म्हणाली, "भावोजी, हा तर आयफेल टॉवर!" आणि बायको म्हणाली, "धुतल्यावर आटलेला."

दोघींचंही बरोबर होतं. 1889 मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त आयफेलसाहेबांनी 300 मीटरचा लोखंडी मनोरा उभा केला. झेक पर्यटकांचा क्लब तेव्हा जेमतेम वर्षभराचा होता. क्लबाची मंडळी हौसेनं प्रदर्शन बघायला गेली. मनोरा बघून सगळं जग थक्क होत होतं, तशी तीही झाली. पण जग थक्क होऊन आपापल्या घरी गेलं आणि ही मंडळी घरी येऊन म्हणाली, आपल्याकडं पण पाहिजे. त्यांच्यातल्या विलेम कुर्त्स या गृहस्थांनी ते फारच मनावर घेतलं. 1891 मध्ये प्रागमध्ये मोठं प्रदर्शन भरायचं होतं, मुहूर्तही तयार होता. फ्रांटिशेक प्राशिल या अभियंत्यानं आराखडा केला, काही महिन्यांत मनोरा उभा राहिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकांसाठी उघडलासुद्धा. आमच्याकडं इतक्या अवधीत भूमिपूजनाच्या पत्रिकेतल्या नावांचा क्रम ठरत नाही.

मनोरा साधारण 60 मीटरचा. म्हणजे आयफेलचा पाचवा हिस्सा. एखाद्या गर्विष्ठ गावानं अशी प्रतिकृती लपवून ठेवली असती. प्रागकरांनी एक युक्ती केली. त्यांनी मनोरा टेकडीवर ठेवला. टेकडी नदीपासून सव्वाशे मीटरांहून उंच. पायथाच समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरांच्या आसपास. उलट आयफेलचे पाय सीन नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून तीस-पस्तीस मीटरांवर. आता करा बेरीज. जत्रेत बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर गर्दीतल्या पैलवानाकडं वरून बघतं, त्या हिशेबानं पेत्रशिनचा शेंडा आयफेलच्या शेंड्यापेक्षा वर जातो. लोखंड पाचव्या हिश्श्याचं आणि उंची सरस. बाकीची उंची टेकडीकडून उसनी घेतलेली, आणि टेकडी काही परत मागायला येत नाही.

मध्यमवर्गीय माणूस म्हणून मला हा हिशेब इतका पटला की मी तिथं उभ्या उभ्या प्रागचा झालो. पण साडूंना तो पटेना. ते म्हणाले, "समुद्रसपाटी कुठली धरली?" मी म्हटलं, "समुद्राची." ते म्हणाले, "कुठल्या समुद्राची? यांना समुद्र आहे का?"

इथं मला थांबावं लागलं. झेक लोकांना समुद्र नाही. चारी बाजूंनी शेजारी आहेत. मग उंची मोजायची तरी कशाच्या वर? साडूंनी सांगितलं ते असं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यापासून त्रिएस्तच्या बंदरातला एड्रियाटिक समुद्र धरून उंची मोजायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर देश सोव्हिएत गोटात गेला आणि मोजमाप रशियातल्या क्रोनश्टाट बंदरातल्या बाल्टिक समुद्रावरून होऊ लागलं. दोन्ही सपाट्यांत फरक आहे. त्यामुळं सगळ्या झेक डोंगरांची कागदावरची उंची सुमारे 40 सेंटीमीटरनं कमी झाली. एक दगड हलला नाही. राज्यकर्ते बदलले, समुद्र बदलला आणि टेकडी बसल्या जागी ठेंगणी झाली. नकाशे बदलल्याचं मी ऐकलं होतं, नोटा आणि रस्त्यांची नावं बदलल्याचंही. पण ज्याच्यावरून आपली उंची मोजायची तो समुद्रच परक्या देशातून मागवावा लागतो, आणि तोही मग कुणी बदलून देतं, हे लहान देशाचं दुःख मला त्या दिवशी कळलं. बायको म्हणाली, "40 सेंटीमीटर म्हणजे किती हो?" साडूंनी गुडघ्याच्या जरा खाली हात लावून दाखवला. ती म्हणाली, "एवढंच होय," आणि चढू लागली.

टेकडीवर नेणारी उताराची रेल्वे आहे, मनोऱ्याच्याच वर्षी सुरू झालेली. पहिल्यांदा ती पाण्यावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली यायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा वर ओढला जायचा. मग पहिल्या महायुद्धात ती बंद पडली, 1932 मध्ये विजेवर सुरू झाली, 1965 मध्ये टेकडीची माती घसरली तेव्हा पुन्हा बंद पडली ती थेट 1985 मध्ये उघडली. आम्ही गेलो तेव्हा तिच्या नूतनीकरणाचं काम काढलेलं होतं. तिच्या एकूण स्वभावाशी ते सुसंगत वाटलं. आम्ही पायी निघालो.

पायी जाण्यात एक फायदा झाला. वाटेत कारेल हिनेक माखा भेटला. म्हणजे त्याचा पुतळा. हा झेकांचा मोठा कवी, 1836 मध्ये वयाच्या अवघ्या पंचविशीत गेला. त्याच वर्षी त्याचं 'माय' हे दीर्घकाव्य छापून आलं होतं. माय म्हणजे मे महिना. त्यामुळं 1 मे रोजी प्रागमधली जोडपी या पुतळ्यापुढं फुलं ठेवतात आणि मग फुललेल्या चेरीच्या झाडाखाली चुंबन घेतात. त्या दिवशी जिचं चुंबन कुणी घेत नाही ती मुलगी वर्षभरात वाळून जाते, अशी समजूत आहे. टेकडीवर फळझाडं भरपूर, तेव्हा वाळण्याचं भय फारसं नसावं.

1 मे ही तारीख ऐकल्यावर आम्हा चौघांच्याही डोळ्यांपुढं जे उभं राहिलं त्यात चेरी नव्हती. शिवाजी पार्कवरचं संचलन होतं, झेंडावंदन होतं, सुट्टी रविवारी आल्याची हळहळ होती. मेव्हणी म्हणाली, "आपल्याकडं 1 मेला सावलीला उभं राहण्याइतकं झाड मिळालं तरी पुरे." त्यातली खरी गंमत मात्र मला पुढं कळली. ज्या काव्यासाठी ही जोडपी फुलं वाहतात, त्याची सुरुवात मे महिन्यातल्या प्रेमाच्या संध्याकाळनं होते हे खरं, पण नायक दरोडेखोर आहे, त्यानं बापाचा खून केलेला आहे आणि त्याला देहान्ताची शिक्षा होते. जोडप्यांनी पहिलं पान वाचलेलं असावं. प्रेमात पडलेल्या माणसानं कुठलंही पुस्तक पहिल्या पानापलीकडं वाचू नये, असं माझं मत होतं, ते इथं पक्कं झालं.

पुढं एक दातेरी भिंत टेकडीवरून खाली उतरत जाते. तिला भुकेची भिंत म्हणतात. चौथ्या चार्ल्सनं 1360 ते 1362 या काळात ती बांधून घेतली. तो बोहेमियाचा राजा आणि पवित्र रोमन सम्राटही. कथा अशी की दुष्काळ पडला होता, गरिबांना काम नव्हतं, राजानं भिंत बांधायला काढली आणि लोकांच्या पोटाला मिळालं. इतिहासकार म्हणतात, भिंत मुळात संरक्षणासाठीच बांधली. पण आम्ही चौघंही 1972 चा दुष्काळ बघितलेल्या पिढीचे. साडूंनी तर नोकरीच्या सुरुवातीला रोजगार हमीच्या कामांवर हजेऱ्या घेतलेल्या. पाझर तलाव, नालाबांधणी, खडी फोडणं. त्यांनी भिंतीला हात लावला, दगडांमधला चुना बघितला, वरून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "काम चांगलं झालंय." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी कुठल्याच बांधकामाची ऐकलेली नाही. त्यांच्या घराचीसुद्धा नाही.

मग मनोरा. आयफेल चार पायांवर उभा राहून चौकोनी वर जातो, हा अष्टकोनी आहे. मधोमध लिफ्टची नळी आणि तिच्याभोवती गुंफलेले दोन जिने, एक चढायचा, एक उतरायचा. पायऱ्या 299. तीनशेला एक कमी ठेवण्यात काय हेतू असेल ते कळलं नाही. आपल्याकडं चपलांच्या दुकानात मात्र असा हेतू असतो. जिने उघडे. वारा आरपार जातो. चढणाऱ्याला जाळीतून उतरणारा दिसतो आणि उतरणाऱ्याला चढणारा, पण दोघांची वाट कुठं एक होत नाही. उतरणाऱ्याच्या चेहऱ्यावर सगळं काही बघून आल्याचा भाव असतो. तो आपल्या लाल चेहऱ्याकडं बघून हसतो. ज्या भाषेत तो काहीतरी बोलतो ती आपल्याला येत नसते, तरी अर्थ कळतो. सिंहगडावर वर्षानुवर्षं तोच ऐकलेला असतो, "थोडंच राहिलंय." तो तिथंही खोटाच होता.

वर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं कुणीही देखावा बघत नाही. सगळे स्वतःच्या छातीचे ठोके ऐकत असतात. बंद खिडक्यांची ती आठकोनी खोली, तिच्यात जर्मन, कोरियन, इटालियन असे नाना देशांचे लोक भिंतीला टेकून उभे आणि सगळ्यांची धाप एकाच भाषेतली. वारा आला की मनोरा किंचित हलतो. साडू म्हणाले, "हलायलाच पाहिजे. हलला नाही तर काळजी करायची." मेव्हणीनं त्यांचा दंड धरला. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं तो सार्वजनिक ठिकाणी धरलेला मी प्रथमच बघितला. माखाचा थोडा हात असणार.

आणि मग खिडकीतून प्राग दिसलं. खरोखर सुंदर आहे, त्यात थट्टेला जागा नाही. उत्तरेला अगदी हाताशी किल्ला आणि त्यातून वर निघालेले सेंट व्हायटस कॅथेड्रलचे काळपट मनोरे. खाली माला स्त्राना भागाची लाल कौलं. त्यापलीकडं व्लतावा नदीचं वळण आणि एकामागं एक पूल. त्यातला पुतळ्यांच्या रांगांचा चार्ल्स पूल लगेच ओळखू येतो, कारण इतर पुलांवर वाहनं हलतात, या पुलावर माणसं अडकलेली असतात. लाल कौलं बघून बायको म्हणाली, "रत्नागिरीची आठवण झाली." मला वाटलं होतं की हे वाक्य यायला निदान दहा मिनिटं लागतील.

पूर्वेला लांबवर झिझ्कोवचा टीव्ही मनोरा दिसतो. 216 मीटर उंच, तीन राखाडी नळ्या, आणि त्यांच्यावर दावीद चेर्नी या शिल्पकारानं चढवलेली 10 अवाढव्य रांगती बाळं. या दोन मनोऱ्यांचं आपसात एक जुनं प्रकरण आहे. 1953 मध्ये चेकोस्लोव्हाकियात दूरदर्शन प्रक्षेपण सुरू झालं ते पेत्रशिनवरून. तारीख पुन्हा 1 मे. म्हणजे एकाच दिवशी टेकडीच्या उतारावर चुंबनं आणि माथ्यावरून बातम्या. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं या हौशी मनोऱ्यानं डोक्यावर अँटेना घेऊन सरकारी नोकरी केली. मग 1992 मध्ये झिझ्कोवचा तो तरणाबांड तयार झाला आणि पेत्रशिनची नोकरी संपली. निवृत्तीनंतर त्याची रंगरंगोटी झाली, अँटेना उतरली आणि तो पुन्हा नुसता लोकांना वर चढवण्याच्या कामाला लागला. साडू त्याच्याकडं निराळ्या आपुलकीनं बघत होते. निवृत्तीनंतर लगेच डोक्यावरचं उतरवून हौसेच्या कामाला लागणं प्रत्येकाला जमत नाही. साडूंना जमलेलं नाही. ते अजून सोसायटीचे चेअरमन आहेत.

पश्चिमेच्या खिडकीशी गर्दी नव्हती. तिथून स्त्राहोवचं स्टेडियम दिसतं. मार्गदर्शक त्याच्याकडं फारसं बोट दाखवत नाहीत, पण मला सगळ्यात जास्त वेळ तिथंच उभं राहावंसं वाटलं. अडीच लाखांच्या आसपास माणसं मावतील एवढं अफाट. त्याच्या पोटात आता फुटबॉलची आठ-नऊ मैदानं आखलेली आहेत आणि त्यांवर सराव चालतो. आधी तिथं सोकोल या झेक व्यायाम-संघटनेचे मेळावे भरत. नंतर साम्यवादी राजवटीत स्पार्टाकियाडी भरत, म्हणजे हजारो माणसांनी एका तालात कवायत करायची. जमिनीवरून ती बघण्यात काही अर्थ नव्हता, प्रत्येकाला फक्त पुढच्याची पाठ दिसणार. ती आकृती उंचावरच्या डोळ्यांसाठी काढलेली. आमच्या शाळेत 26 जानेवारीला आम्ही मुलं उन्हात उभी राहून 'भारत' ही अक्षरं तयार करायचो. मी 'भा'च्या कान्यात असे. आम्ही नेमके कसे दिसतो ते आम्हाला कधीच बघायला मिळालं नाही. ते गच्चीवरच्या पाहुण्यांना आणि हेडमास्तरांना दिसे. स्त्राहोवच्या मोकळ्या पडलेल्या त्या मैदानाकडं बघताना मला त्या कान्यातली माझी जागा नेमकी आठवली.

उंचावरून बघणाऱ्याला बरंच दिसतं, पण जे दिसतं ते त्याच्या मनासारखं असेलच असं नाही. पर्वतीवर एक खिडकी दाखवतात. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, ती दुसऱ्या बाजीरावानं पर्वतीवरून बघितली असं सांगतात. म्हणजे त्या दिवशी पुण्यातला सगळ्यात चांगला देखावा त्याच्या वाट्याला आला होता. त्याच पर्वतीवर त्याआधी 1761 मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांनी नानासाहेब वारले. तरी आपण पाहुण्याला तिथंच नेतो आणि सोसायटी शोधतो. त्यात गैर काही नाही. खिडकी कशासाठी वापरायची हे ज्यानं त्यानं ठरवावं.

सोसायटीवरून आठवलं. माझं मत खरं ठरायला फार वेळ लागला नाही. किल्ला, नदी, पूल, बाळं हे सगळं पाहून झाल्यावर मेव्हणी म्हणाली, "आपलं हॉटेल कुठं असेल हो?" आणि चौघंही कामाला लागलो. तो शोध आम्ही ज्या तन्मयतेनं केला, ती कॅथेड्रलच्या वाट्याला आली नव्हती. हॉटेलजवळ एक ट्रामचा थांबा होता, थांब्याजवळ हिरव्या घुमटाची इमारत होती. प्रागमध्ये हिरवे घुमट मोप. साडूंनी नदीचं वळण धरून दिशा काढली, बायकोनं पुलांची मोजणी केली, मी वाऱ्यानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसत "तेच ते" म्हणालो. शेवटी सापडलं. निदान आमचं एकमत झालं. शेजारी एक जोडपं, बहुधा स्पॅनिश, तसंच बोट लांब करून भांडत होतं. "नाही नाही, अजून डावीकडं" या वाक्याला जगात एकच सूर आहे.

खाली उतरल्यावर साडूंना पाया बघायचा होता, म्हणून आम्ही तळाशी रेंगाळलो. या मनोऱ्याच्या तळघरात बरीच वर्षं एका थोर झेक पुरुषाचं संग्रहालय मांडलेलं होतं. नाव यारा त्सिमरमन. नाटककार, संशोधक, प्रवासी, तत्त्वज्ञ. उत्तर ध्रुवावर पोचायला त्याला अवघे सात मीटर कमी पडले. टेलिफोनचा शोध लावून तो पेटंट घ्यायला गेला, तर बेल नुकताच नोंदणी करून गेलेला. चेकॉव्ह 'दोन बहिणी' लिहीत होता, त्याला यानंच विचारलं, "दोन कमी नाही का होत?" आणि हा थोर पुरुष कधी जन्मलाच नव्हता. 1966 मध्ये रेडिओवरच्या एका विनोदी कार्यक्रमात त्याला जन्माला घातलं गेलं. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाचं नाटकगृह सुरू झालं, ते आजही चालतं. त्याच्या कर्त्यांपैकी झ्देनेक स्वेराक यांनी पुढं 'कोल्या' हा ऑस्कर मिळालेला चित्रपट लिहिला. 2005 मध्ये झेक टीव्हीनं सर्वांत थोर झेक कोण यासाठी लोकांची मतं मागवली, तेव्हा या न झालेल्या माणसाला इतकी मतं पडू लागली की त्याला बाद करावं लागलं. कारण दिलं ते एकच, की तो अस्तित्वात नाही. मग पहिला कोण आला? भुकेच्या भिंतीवाला चौथा चार्ल्स.

हे कळल्यावर मी त्या शहराला साष्टांग नमस्कार घातला, मनातल्या मनात, कारण फरशी ओली होती. ज्यांना आपला सर्वश्रेष्ठ पुरुष काल्पनिक असलेला चालतो, आणि ज्यांच्या त्या पुरुषाचा प्रत्येक शोध दुसऱ्यानं आधीच लावलेला असतो, त्यांनाच दुसऱ्याचा मनोरा पाचव्या हिश्श्यात आणून टेकडीच्या खांद्यावर बसवणं शोभतं. आपल्याकडं पुतळ्याची उंची ठरवताना शेजारच्या राज्यातल्या पुतळ्याची उंची आधी विचारतात. पाया विचारतो तो फक्त आमचा साडू.

मनोऱ्याजवळच आरशांचा एक भुलभुलैया आहे, त्याची इमारत त्याच 1891 च्या प्रदर्शनातून इथं आणून ठेवलेली. शेवटी हसऱ्या आरशांची खोली. त्यात साडू सहा फुटी आणि सडपातळ दिसले. ते बराच वेळ तिथून हलेनात. "पाया तोच आहे," मी म्हटलं. ते म्हणाले, "उंची बघा ना."

टेकडी उतरताना बायकोनं मनोऱ्यापुढं काढलेला आम्हा चौघांचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खालून वर काढलेला, त्यामुळं मनोरा भव्य आला होता आणि टेकडी दिसतच नव्हती. आम्ही भिंतीपाशी पोचेपर्यंत उत्तरं येऊ लागली. सांगलीच्या आत्यानं हात जोडले. एका पुतण्यानं जळजळीचा चेहरा टाकला. थोरल्या मेहुण्यांनी विचारलं, "अरे वा! पॅरिसला पोचलात वाटतं?"

पॅरिस आमच्या सहलीत नव्हतं. त्याला माणशी बरेच हजार जास्त पडत होते, म्हणूनच आम्ही ही सहल घेतली होती. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी साडूंकडं बघितलं. समुद्रसपाटीच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस, म्हटलं आता सगळा इतिहास टाइप करायला लावणार. साडूंनी बायकोच्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि लिहिलं, "त्याहून थोडं वर."